जाणाऱ्याला अडवू नका, राहिलेल्याला विसरू नका

मंडळाचा कारभार आता तुम्हा पोरांच्या हाती आला आहे. मुरुडच्या मातीत मी कबड्डी खेळलो, पुढे मंडळाची कामं पाहिली. त्यातून जे कळलं, ते तुमच्या कानावर घालतो.

आपला एखादा पोरगा जिल्ह्याच्या निवड चाचणीत चमकतो. मग राज्याच्या संघात जातो. पुढे राष्ट्रीय शिबिराचं पत्र येतं, नाहीतर प्रो कबड्डीचा एखादा संघ त्याला उचलतो. गावात पेढे वाटले जातात आणि लगेच प्रश्न येतो, 'आता चढाईला कोण?' हा प्रश्न पत्र आल्यावर विचारून उपयोग नाही. तो हंगाम सुरू व्हायच्या आधी विचारायचा असतो. तेवढ्यासाठीच हे चार शब्द.

पत्र आलं की त्याच दिवशी सोडा

'फायनलपुरता थांब', 'आपली स्पर्धा उरकून जा' असं चुकूनही म्हणू नका. शिबिरात चार दिवस उशिरा पोचलेल्याची जागा दुसरा कुणीतरी घेतो आणि ती परत मिळत नाही. रग्बीच्या जगात तर नियमच आहे : ठरवून दिलेल्या काळात देशाचं बोलावणं आलं की क्लबने खेळाडू सोडलाच पाहिजे. तरीही फिजी, सामोआ, टोंगा या बेटांवरच्या खेळाडूंना युरोपातले क्लब दबाव आणून थांबवतात, अशा तक्रारी होत आल्या आहेत. कारण जो पगार देतो त्याला 'जातो' म्हणून सांगणं अवघड असतं. आपण कुणाला पगार देत नाही. पण ज्यांनी हाताला धरून मैदानात आणलं, त्यांचा शब्द पोराला पगाराहून जड वाटतो. तो शब्द जपून वापरा.

आणि नुसतं तोंडाने 'जा' म्हणू नका. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, फोटो, जिल्हा संघटनेच्या नोंदणीचा कागद, सगळं एका फायलीत आधीच लावून ठेवा. दापोलीची एसटी, खेडहून गाडी, हातखर्च हे मंडळाने बघायचं. घरी म्हातारे आईवडील असतील तर तो गेल्यावर त्यांच्याकडे फेरी मारायची, हेही मंडळाचंच काम.

एका जागेला दोन माणसं तयार ठेवा

संघ बाराचा असतो, सात आत आणि पाच बाहेर. बाहेरचे पाच पाणी द्यायला बसलेले नसतात. आठवड्यातून एक दिवस आपल्या सगळ्यात चांगल्या चढाईपटूला बाहेर काढा, हातात शिट्टी द्या आणि सराव सामना खेळवा. तेव्हा नीट बघा. साखळी कुठे सुटते? मध्यरक्षक घाई करून पुढे येतो का? कोपऱ्यातला गडी दुसऱ्याच्या इशाऱ्याची वाट बघत राहतो का? दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. त्या तिसऱ्या चढाईला कोण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो आणि कोण हाताला माती चोळून सरळ मध्यरेषेकडे निघतो, ते टिपून ठेवा. तुमचा पुढचा चढाईपटू तोच. आज त्याचं पदलालित्य कच्चं असेल, ते शिकवता येतं.

खेळही बदलायला शिका. हुकमी चढाईपटू नसेल तर गुण पकडीतून काढा. तीस सेकंद पुरेपूर वापरा, निदानरेषा ओलांडून सुखरूप परत या, सामना संथ करा. समोरच्यालाही तिसऱ्या चढाईवर आणा आणि तिथे कोपऱ्यातून घोटा धरा. आत तिघेच उरले तर हातपाय गाळू नका, अशा वेळच्या पकडीला दोन गुण असतात.

फ्रान्समधला तुलूझ हा रग्बी क्लब अशीच बदली माणसं तयार ठेवून टिकला आहे. तिथल्या लीगचे काही सामने देशाचे सामने चालू असतानाच होतात, म्हणजे ज्याने देशाला जास्त खेळाडू दिले त्याचंच जास्त अडतं. मार्च 2025 मध्ये डब्लिनला फ्रान्सकडून खेळताना त्यांचा कप्तान आंत्वान द्युपों याचा गुडघा गेला. जूनमध्ये लीगची अंतिम लढत तुलूझनेच जिंकली, तीही त्याच्याशिवाय, जादा वेळेत. असं बळ एका हंगामात येत नाही. क्लबच्या स्वतःच्या पोरांना वर्षानुवर्षं खरे सामने खेळू दिले, त्याचं ते फळ.

जो उभा राहिला त्याचा मान ठेवा

हा कानमंत्र मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून सविस्तर सांगतो. 1971 साली वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मांकड हे मुंबईचे सगळे मोहरे भारताच्या क्रिकेट संघातून वेस्ट इंडीजला गेले होते. तिकडे भारत पहिल्यांदाच वेस्ट इंडीजविरुद्ध मालिका जिंकून इतिहास घडवत होता. इकडे रणजी करंडक राखायची जबाबदारी सुधीर नाईक यांच्यावर आली. उरलेल्या खेळाडूंना घेऊन त्यांनी 1970-71 चा करंडक मुंबईला जिंकून दिला. मुंबईने सलग पंधरा वेळा रणजी जिंकली, त्या माळेतला हा तेरावा मणी. आणि पुढच्या हंगामात मोठे खेळाडू परतले तेव्हा याच विजयी कप्तानाला संघातली जागा सोडावी लागली.

नाईकांनी क्रिकेट सोडलं नाही. 1974 मध्ये ते भारताकडून कसोटी खेळले. पुढे वानखेडेची खेळपट्टी त्यांच्या हाताखाली तयार होऊ लागली, 2011 च्या विश्वचषकाची अंतिम लढत जिच्यावर झाली तीसुद्धा. पण सगळेच इतक्या मोठ्या मनाचे नसतात. आपला तारा परत आला म्हणून ज्याने महिनोन्महिने किल्ला लढवला त्याला एका शब्दाशिवाय बाकावर बसवलंत, तर तो पोरगा सरावाला येणं बंद करेल. पुढच्या वेळी तारा गेला की जागा खरोखरच रिकामी राहील. म्हणून जागा बदलायची असेल तर आधी त्याला एकट्याला बोलावून कारण सांगा. जमेल तिथे दोघांना एकत्र खेळवा. वार्षिक सभेत त्याचं नाव घ्या, सत्कार पहिल्यांदा त्याचा करा. बॅनरवरही मंडळाचं नाव मोठं छापा. एका खेळाडूचा फोटो मोठा केलात की तो नसताना लोक म्हणतात, आता काय बघायचं?

तारखा बघून स्पर्धा ठेवा

आपली स्पर्धा आपण भातकापणी, शिमगा, चाकरमानी यांच्या हिशेबाने ठरवतो, ते बरोबरच आहे. त्यात आता निवड चाचण्या, राज्य अजिंक्यपद आणि प्रो कबड्डी यांची भर घाला. 2014 मध्ये सुरू झाल्यापासून प्रो कबड्डीचे महिने पुष्कळदा बदलले आहेत. गेल्या वर्षीच्या तारखांवर विसंबू नका. जिल्हा संघटनेला फोन करून विचारा, मगच पत्रकं छापा.

परतलेल्याला लगेच मैदानात ओढू नका

तिकडे तो मॅटवर, बूट घालून खेळलेला असतो. इथे माती आणि अनवाणी पाय. आल्या आल्या उतरवलात तर घोटा नाहीतर गुडघा जाईल. त्याला विश्रांती द्या, अंगात काही दुखणं आहे का ते विचारा, तोवर लहान पोरांना शिकवायला सांगा. मॅटवर कोपरा कसा उभा राहतो हे तो दाखवेल, ते पुस्तकातून कळत नाही.

कमाईत वाटा मागू नका. मागायचा तर वेळ मागा. आपल्याच गावच्या महर्षी कर्व्यांनी मुंबईला राहून गावच्या भल्यासाठी 'मुरुड फंड' उभा केला होता. गावाबाहेर गेलेला माणूस गावाला विसरत नसतो, गावाने त्याला सन्मानाने धाडलेलं असलं म्हणजे झालं.

पावसात आपण तरव्यातलं रोप उपटून खाचरात लावतो, तरवा मोकळा झाला म्हणून कुणी हळहळत नाही. पोरांचंही तसंच. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 मध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारताच्या कबड्डी संघात नगरचा अस्लम इनामदार होता, नाशिकचा आकाश शिंदे होता. त्यांनाही कुणीतरी वेळेवर सोडलं, म्हणूनच ते तिथवर पोचले. पुढच्या निवड चाचणीत आपल्या मुरुडचे दोघे-तिघे निवडले जावेत. ते शिबिराला निघतील त्या संध्याकाळीही इथला सराव ठरल्या वेळी सुरू झाला पाहिजे, आणि सात विरुद्ध सात पुरे भरले पाहिजेत. तेवढं केलंत की मंडळ तुम्हाला चालवता आलं, असं मी म्हणेन.