परसातल्या कोंबड्या आणि करपलेली मिरची

प्रश्न : यंदा प्रथमच परसात आठ गावठी कोंबड्या पाळल्या आणि भाजीचे वाफे केले. मेथी कोंबड्यांनी उकरून टाकली. खुराड्यातली विष्ठा मिरची-वांग्याला घातली, तर रोपे करपली. काय करावे?

उत्तर : कोंबडखत शेणखतापेक्षा जहाल असते. ताज्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, क्षारही भरपूर असतात. कोवळी मुळे त्यानेच जळतात. पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या असतील, तर कारण बहुधा हेच. बुंध्याजवळची विष्ठा खरवडून काढा आणि निचरा होत असेल तर भरपूर पाणी द्या. यापुढे खुराड्यातला भुसा-विष्ठा पालापाचोळ्यात मिसळून ओलसर ढीग करा, अधूनमधून उलथा. तीन-चार महिन्यांत वास जाऊन ते मातीसारखे भुसभुशीत झाले, की लागवडीपूर्वी मातीत मिसळा. कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खायच्या भाज्यांत ताजी विष्ठा कधीच नको. तिच्यातून साल्मोनेलासारखे जंतू पोटात जातात.

उकरणे हा कोंबडीचा स्वभाव आहे, ते थांबणार नाही. वाफ्यांना पुरुषभर उंचीची जाळी लावा आणि तिची खालची कड जमिनीत गाडा. पीक निघाले, की मात्र त्याच वाफ्यात कोंबड्या सोडा. किडे, अळ्या, तणाचे बी त्या वेचून खातील. तोवर तिथे कीटकनाशक फवारलेले नसावे.

कोंबड्या प्रथमच पाळल्यात, म्हणून आणखी एक : मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस टोचली नसेल, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करा. ही साथ आली, की खुराडे रिकामे व्हायला वेळ लागत नाही.