नाटकाची पदवी म्हणजे नुसता अभिनय?

प्रश्न : बारावीनंतर नाटक शिकायचं आहे. घरचे म्हणतात, अभिनय काय कॉलेजात शिकायचा असतो? – एक विद्यार्थिनी, श्रीगोंदा

उत्तर : घरच्यांचा गैरसमज नेहमीचाच. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटकाची पदवी घेता येते. तिथे नाट्यशास्त्र वाचायचं, तसंच नेपथ्याच्या फ्लॅटला खिळे ठोकायचे आणि शिडीवर चढून स्पॉटचा रोख जुळवायचा. अभ्यास दोन्हीत असतो. प्रवेशासाठी चाचणी असते, तेव्हा एक स्वगत पाठ ठेवा. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला मात्र आधी कुठलीही पदवी आणि नाटकांचा अनुभव लागतो. पदवीनं नोकरीची हमी मिळत नाही, हे घरी आधीच सांगून टाका. तोवर नगरच्या एकांकिका स्पर्धांत बॅकस्टेजला राबा. संवाद नाही मिळाला तरी चालेल!