तरुण आणि समाजमाध्यमे : बदलते नाते

पुणे-अहिल्यानगर मार्गावरील वाघोली हे एका पिढीपूर्वीपर्यंत शेती आणि दगडखाणींचे गाव होते. आज तेथे अभियांत्रिकी महाविद्यालये, वसतिगृहे व गृहसंकुले उभी आहेत. परगावाहून शिक्षणासाठी आलेला विद्यार्थी येथे बहुधा प्रथमच घरापासून दूर राहतो. गावाकडची माणसे, शाळासोबती आणि नवे मित्र यांच्याशी त्याला जोडणारा धागा म्हणजे हातातील मोबाईल होय. समाजमाध्यमांशी तरुणांचे नाते कसे बदलत गेले, याचा विचार म्हणूनच अशा गावाच्या संदर्भात करणे उचित ठरेल.

संवादाकडून प्रेक्षकत्वाकडे

२००४ साली सुरू झालेल्या ऑर्कुटवर तरुण प्रामुख्याने ओळखीच्यांना निरोप लिहीत असत. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. तत्पूर्वीच फेसबुकने त्याची जागा घेतली होती. फेसबुकवर २००९ मध्ये 'लाइक'चे बटण आले आणि निरोपाबरोबर पसंतीची मोजणीही सुरू झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर इंटरनेट स्वस्त होऊन चित्रफिती पाहणे सर्वांच्या आवाक्यात आले. २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने टिकटॉकवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात 'रील' सुरू केले. मंच गेला, सवय मात्र राहिली.

पूर्वी समोर येणारा मजकूर बहुधा ओळखीच्या माणसाने धाडलेला असे. आता तो बव्हंशी अल्गोरिदम, म्हणजे संगणकाची निवडपद्धती, ठरविते. तरुण कोणत्या चित्रफितीवर किती वेळ थांबला, याची नोंद होते आणि तशाच प्रकारची पुढची चित्रफीत समोर येते. या प्रवाहाला शेवट नसल्याने थांबण्याची जागाही सापडत नाही. आरंभी बोलणारा तरुण पुढे दाखविणारा आणि अखेरीस केवळ पाहणारा होतो. हा सर्व दोष त्याच्या दुबळ्या मनोनिग्रहाचा मानणे योग्य नव्हे. परीक्षेच्या काळात ॲप काढून टाकणारे किंवा मोजक्या मित्रांच्या गटापुरतेच बोलणारे तरुणही आहेत. त्यांच्या या प्रयत्नाला वडीलधाऱ्यांची साथ हवी.

दोन गावांचे निर्णय

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला. तो वाजताच घरोघरी दूरदर्शन संच व मोबाईल बाजूला ठेवून दीड तास वाचन-अभ्यासाला द्यावा, असे गावाने ठरविले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बान्सीच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव केला. दोन्ही निर्णयांमागील कळकळ सारखीच. परंतु वडगावच्या नियमात थोरांनीही आपला संच बंद करावयाचा होता. जो नियम घरातील सर्वांना लागू होतो, तो मुलांना जाच वाटत नाही.

वाघोलीपुढील प्रश्न

३० जून २०२१ रोजी वाघोलीचा पुणे महानगरपालिकेत समावेश झाला. ग्रामपंचायतीबरोबर ग्रामसभाही गेली. तेथे आता भोंग्याचा ठराव कोणी करावा? कायद्याचा आधारही मर्यादित आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यास पालकांची संमती आवश्यक मानली आहे. मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखविण्यासही मनाई आहे. मात्र घर सोडून वसतिगृहात येणारा विद्यार्थी बहुधा नेमका याच सुमारास अठरा वर्षांचा होतो आणि या संरक्षणाच्या बाहेर पडतो.

ही उणीव गृहसंकुलाची सभा, पालक-शिक्षक बैठक व वसतिगृहाची विद्यार्थी समिती यांनी भरून काढावयाची आहे. सायंकाळचा एखादा तास सर्वांनी मिळून ठरवावा. त्या वेळी मैदान, वाचनालय व अभ्यासिका खुली राहील, हेही पाहावे. फसवणुकीत पैसे गेल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे, ही माहिती प्रत्येक सूचनाफलकावर असावी. मोबाईल हातातून काढून घेणे सोपे आहे. तो खाली ठेवल्यावर बोलायला कोणीतरी समोर असणे, हे अधिक महत्त्वाचे आहे.