दोन वर्षांचं मूल, पाच खेळणी आणि उन्हाळ्याची सुट्टी



निकाल वाटून झाले, वर्गखोल्यांना कुलपं लागली. आता जून उजाडेपर्यंत आपल्याला सुट्टी. पण ज्यांच्या घरात दीड-दोन वर्षांचं मूल रांगत-धावत आहे, त्यांना सुट्टी कसली? "मॅडम, ह्याला दिवसभर कशात गुंतवू? खेळणी आणून आणून घर भरलं, पण पाच मिनिटांत सगळी फेकतो आणि मोबाईल मागतो." उन्हाळा सुरू झाला की असे फोन मला हमखास येतात. म्हणून आजचा पाठ लहान मुलांसाठी नाही, त्यांच्या मोठ्यांसाठी आहे.

पाठ सुरू करण्याआधी माझी स्वतःची चूक सांगते. कारण ती चूक झाली नसती, तर हा लेख लिहिलाच नसता.

माझी चूक

मी कोल्हापूरची. दोन वर्षांपूर्वी चैत्रात माझी लेक नातीला घेऊन माहेरी आली. नात तेव्हा वीस महिन्यांची. माझं निकालाचं काम चालू होतं, नातीसाठी वेळ काही निघत नव्हता. मनाला टोचणी लागली, की बाजारात जायचं आणि एखादं खेळणं आणायचं, असं सुरू झालं. जोतिबाच्या यात्रेहून येताना तर पिशवी भरूनच आणली. त्यात दाबलं की 'पीं' वाजणारं एक रबरी बदक होतं.

त्या दुपारी ती माझ्याशेजारी सतरंजीवर खेळत होती आणि मी मोबाईलवर गुणांची माहिती भरत होते. बदक वाजत होतं, म्हणजे पोर खेळतंय, असं धरून मी मान वर केली नाही. थोड्या वेळानं आवाज थांबला. बघते तर तिचं तोंड उघडं, रडू नाही, खोकला नाही, चेहऱ्याचा रंग बदललेला. बदकाच्या बुडातली प्लास्टिकची शिट्टी निघून तिच्या घशात गेली होती.

खरं सांगते, मी जागची हललेच नाही. लेक स्वयंपाकघरातून धावत आली. तिनं पोरीला मांडीवर पालथं घेतलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध तळहातानं जोरात थापा मारल्या. तिसऱ्या थापेला शिट्टी बाहेर पडली आणि पोरीनं टाहो फोडला. ते रडणं ऐकून माझ्या पायातलं बळच गेलं, मी मटकन खाली बसले. लेकीच्या ऑफिसात प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं होतं म्हणून निभावलं. 'खेळातून शिक्षण' या विषयावर मी कितीतरी प्रशिक्षणं घेतली आहेत, पण हे मला येत नव्हतं.

रात्री लेक एवढंच म्हणाली, "आई, तिला खेळणी कमी नव्हती गं. तिला तू पाहिजे होतीस की." रागानं म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी सगळी खेळणी जमिनीवर मांडली. तेवीस भरली! त्यातली पाच बाहेर ठेवली. काही पेटीत गेली, उरलेली सरळ कचऱ्यात. ती निवड कशी केली, ते आता क्रमानं पाहू.

१. या वयाचं मूल नेमकं काय शिकत असतं?

एक ते तीन वर्षांचं मूल हातांनी विचार करतं. त्याच्या ज्या गोष्टींना आपण 'उद्योग' म्हणतो, त्या खरं तर त्याच्या अभ्यासाच्या तासिका असतात.

- टाकणं : चमचा पुन्हा पुन्हा खाली टाकतं, कारण दर वेळी आवाज होतो का, आणि आई दर वेळी उचलून देते का, हे त्याला तपासायचं असतं.
- भरणं आणि ओतणं : डब्यात वाट्या भरतं, परत ओततं. लहान-मोठं, आत-बाहेर, रिकामं-भरलेलं या कल्पना इथेच तयार होतात. पुढे पहिलीत आपण त्यावर गणित उभं करतो.
- लपवणं : चेंडू पदराखाली गेला तरी तो आहेच, हे त्याला नव्यानं कळलेलं असतं. म्हणून 'कुक्' कितीही वेळा केलं तरी त्याला कंटाळा येत नाही.
- ओढणं, ढकलणं, वाहून नेणं : पांगुळगाडा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला तो उगाच नाही. आधार मिळतो आणि चालण्याला काम मिळतं.
- नक्कल : आपण पोळी लाटली की त्यालाही लाटणं हवं असतं.

आता बॅटरीवर चालणारं खेळणं बघा. बटण दाबलं की तेच गाणं म्हणतं, तेच दिवे लावतं. सगळं काम खेळणंच करतं, मुलानं फक्त बघायचं. म्हणून ते पाच मिनिटांत जुनं होतं. साध्या डब्या-झाकणाला मात्र मुलानंच काहीतरी करावं लागतं, म्हणून ते पुरतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. महागडी साधनं त्यांच्याकडे नव्हती. पानं, फुलं, खडे, शंख-शिंपले यांतूनच त्यांनी साधनं उभी केली आणि शाळा मुलांच्या अंगणात नेली. परिसरातली वस्तू हेच उत्तम साधन, हा त्यांचा धडा घराघरांत वापरता येतो. फक्त तीन वर्षांखालच्या मुलाला बिया-खडे द्यायचे तर आपली नजर तिथेच हवी.

२. खेळणं हातात देण्यापूर्वीची तपासणी

१ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. दुकानात ते जरूर बघा. जत्रेतल्या किंवा रस्त्यावरच्या खेळण्यांवर ते बहुधा नसतं, तिथे तपासणी आपल्यालाच करायची आहे.

१. आकार : तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा कोणताही भाग साधारण सव्वातीन सेंटीमीटर रुंदीच्या नळकांड्यात पूर्ण मावला, तर तो घशात अडकू शकतो. घरी जाड कागदाची तेवढी नळी करून ठेवा.
२. ओढून बघा : डोळे, चाकं, बटणं, शिट्टी हे सगळं जोर लावून ओढा. आपल्या हातानं निघालं तर त्याच्या दातानंही निघेल.
३. बटणासारखी गोल बॅटरी : तिचं झाकण स्क्रूनं बंद नसेल तर खेळणं घरात नको. ही बॅटरी गिळली गेल्यास दोन तासांतच अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. शंका आली तरी थांबू नका, तडक दवाखाना गाठा.
४. फुगे : फुटलेल्या फुग्याचा तुकडा फार धोक्याचा. वाढदिवसानंतर घर झाडून घेईपर्यंत मूल खाली सोडू नका.
५. लांब दोरी, सुटे चुंबक, टोकदार कडा : सरळ बाद.

भातुकली मला स्वतःला फार आवडते. पण तिच्यातल्या इवल्याशा वाट्या-झारे चौथ्या वर्षापर्यंत माळ्यावरच बरे. तोवर घरातलीच खरी वाटी, पळी आणि छोटा डबा द्या.

३. पाच खेळण्यांची पेटी

आम्ही बाहेर ठेवलेली पाच खेळणी अशी : एक मऊ चेंडू, लाकडी ठोकळे, कापडाची बाहुली, एकात एक बसणारे स्टीलचे डबे आणि ओढायची गाडी. बाकीची पेटीत. दर रविवारी दोन बदलायची. पेटीतून पंधरा दिवसांनी बाहेर आलेली गाडी मुलाला नवीकोरी वाटते आणि आपला खर्च शून्य.

उन्हाळ्यात यात सहावं खेळणं म्हणजे पाणी. सकाळी अंगणात किंवा गॅलरीत परात, दोन मग, एक गाळणी द्या. अर्धा तास कसा जातो कळत नाही. मात्र लहान मूल बादलीतल्या थोड्या पाण्यातही बुडू शकतं. म्हणून तिथून उठायचं तर मुलाला उचलून घेऊन उठायचं आणि खेळ संपला की परात पालथी घालायची. फोन आला तर वाजू द्या.

मोबाईलबद्दल एकदाच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी तितकं बरं. त्याच सूचना सांगतात की एक-दोन वर्षांच्या मुलानं दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल करावी. तीन तास! दोन खोल्यांच्या घरात ते होणार कसं? म्हणूनच बाहेर पडायचं.

४. बाहेर पडा, पण त्याच्या चालीनं

आपली सहल म्हणजे ठिकाण गाठणं. मुलाची सहल घराच्या पायरीवरच सुरू होते.

त्या प्रसंगानंतर मी ठरवलं, रोज सकाळी एक तास नातीचा. साडेसहाला आम्ही रंकाळ्यावर जायचो. पहिल्या दिवशी मी पिशवीत खेळणी भरून नेली होती, ती तशीच परत आली. पदपथाच्या कडेला मुंग्यांची रांग दिसली आणि बाईसाहेब तिथेच उकिडव्या बसल्या. मी "चल, पुढे पाणी बघू" म्हणत होते. मग म्हटलं, घाई कुणाला आहे? मीही शेजारी बसले. तिनं गुलमोहराची एक पाकळी मुंग्यांच्या वाटेत ठेवली. मुंग्या वळसा घालून गेल्या. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मुमी!"

घरातल्या भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता आहे. त्यावरच्या मुंगीवर बोट ठेवून मी आठवडाभर तो शब्द घोकून घेत होते. तो तक्त्यावरून आला नाही, मुंग्यांच्या रांगेवरून आला. त्या दिवशी आम्ही जेमतेम दोनशे पावलं चाललो आणि चाळीस मिनिटं लागली. तलावाचं पाणी लांबूनच बघितलं. पण माझ्या नोकरीतल्या चांगल्या तासांपैकी तो एक तास होता, असं मी मानते.

मोठा खर्च न करता जाण्यासारखी आणखी ठिकाणं :

- भाजी मंडई, सकाळी लवकर : वांगं जांभळं, काकडी गार, फणस काटेरी. एक लिंबू त्यालाच निवडू द्या आणि घरापर्यंत धरू द्या.
- एसटी स्टँड : लाल गाडी येते, माणसं उतरतात, गाडी जाते. दोन थांब्यांचा प्रवास करून परत या.
- आजोळचा गोठा किंवा आमराई : वासरू, शेण, कैरी, सावली. इथे खेळणी लागतच नाहीत.
- जवळची बाग : घसरगुंडीवर बसवण्याआधी पत्र्याला आपला हात लावून बघा. सकाळी दहालाही पत्रा चटका देतो.

बोलताना प्रश्नांचा भडिमार नको. "हे काय? ते काय?" अशी तोंडी परीक्षा घेऊ नका. ते बघतंय त्याचं नाव घ्या, मग गप्प बसा आणि वाट बघा.

५. उन्हाचं गणित

- सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरच बाहेर. दुपारी झोप.
- सुती, सैल, फिक्या रंगाचे कपडे आणि कडेची टोपी.
- तहान सांगता येत नाही, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-दोन घोट पाणी. घरून ताक, पन्हं किंवा नाचणीची पातळ आंबील न्या.
- कलिंगडाच्या बिया काढा, द्राक्षं उभी चिरा. शेंगदाणे-फुटाणे या वयात अजिबात नकोत.
- बंद गाडीत मुलाला एक मिनिटही सोडू नका, काच थोडी खाली असली तरी.
- लघवी कमी होणं, तोंड कोरडं पडणं, रडताना अश्रू न येणं, मूल मलूल होणं ही पाणी कमी पडल्याची लक्षणं. ओआरएस द्या. ते हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. अंग तापून मूल प्रतिसाद देत नसेल तर अंग ओलं करत १०८ ला फोन करा.

६. घशात अडकलं तर

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच येत नसेल, तर एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून किंवा मांडीवर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, खांद्यांच्या मधोमध पाच थापा. नाही निघालं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेनं पाच दाब. हे आलटून पालटून करत राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा. एक वर्षाखालच्या बाळाच्या पोटावर दाब द्यायचा नाही, छातीवर द्यायचा. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, ती आणखी आत जाते. मूल बेशुद्ध पडलं तर छातीवर दाब आणि तोंडानं श्वास देणं लगेच सुरू करावं लागतं. हे वाचून येत नाही. आपल्या डॉक्टरांकडून किंवा आरोग्य सेविकेकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्या.

शिक्षकांना विनंती : जूनच्या पहिल्या पालकसभेत गणवेशाच्या आणि वह्यांच्या सूचना देऊन झाल्या की दहा मिनिटं यासाठी ठेवा. आपल्या विद्यार्थ्यांची धाकटी भावंडं घरी असतात आणि ताईची पेन्सिलची टोपणं, दादाच्या गोट्या त्यांच्याच तोंडात जातात.

या सुट्टीचा गृहपाठ

१. आज घरातली सगळी खेळणी जमिनीवर मांडा, मोजा, ओढून बघा.
२. पाच बाहेर ठेवा.
३. उद्या सकाळी मुलाचं बोट धरून निघा आणि कुठे थांबायचं ते त्यालाच ठरवू द्या. मोबाईल घरी.

माझी नात आता चार वर्षांची होईल. या सुट्टीत ती पुन्हा येणार आहे. येताना काय आणू, असं मी फोनवर विचारलं, तर म्हणाली, "आज्जी, मुंग्या आहेत का अजून?"

आहेत. मी सकाळीच बघून आले.