राजस्थानी थाळी : ताटात वाढलेला भूगोल

भूगोलात राजस्थान आलं की आपण तीन गोष्टी पाठ करतो : थरचं वाळवंट, कमी पाऊस आणि बाजरी. परीक्षेत तेवढ्यावर गुण मिळतातही. आज मात्र हाच धडा आपण पुस्तकाऐवजी ताटासमोर बसून वाचणार आहोत. राजस्थानी थाळीच्या हॉटेलात तुम्ही कधी गेला असाल, तर तिथली प्रत्येक वाटी आठवत पुढे वाचा. गेला नसाल तर जाण्याआधी वाचा, म्हणजे वाढपी भराभर वाढत सुटला की गोंधळायला होणार नाही.

अशा जेवणाची सगळ्यांत गाजलेली जागा म्हणजे जयपूरजवळ, टोंक रोडवरची चोखी ढाणी. राजस्थानात शेतातल्या चार-सहा घरांच्या वस्तीला 'ढाणी' म्हणतात, आपल्याकडे जशी वाडी. 'चोखी' म्हणजे चांगली. आपला 'चोख' हा शब्द आठवला ना? मुंबई-पुण्यातही मारवाडी आणि गुजराती पद्धतीची थाळीघरं भरपूर आहेत. बसल्या जागी पितळी तस्त आणि झारी येते, हात धुतले जातात. पारंपरिक पद्धतीत आपण जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि ताट समोरच्या बाजोटावर, म्हणजे आपल्या चौरंगासारख्या बुटक्या पाटावर. मोठ्या ताटात कडेनं वाट्या मांडलेल्या असतात. मग एकामागून एक वाढपी येतात आणि दोन मिनिटांत ताट भरून जातं. काही थाळीघरांत तर वाढपी एकमेकांशी बोलतच नाहीत, बोटांच्या खुणांनी कुठल्या टेबलावर काय संपलं ते सांगतात. जेवता जेवता या खुणा ओळखायचा खेळ जरूर खेळा.

ताट भरलं की पहिल्यांदा काय वाटतं? 'केवढी ही श्रीमंती!' तूप ओघळतंय, गोडाचे दोन-तीन प्रकार आहेत, भाज्या पाच-सहा. आता जरा नीट बघा. त्या भाज्यांमध्ये हिरवी, ताजी भाजी किती आहे? पालेभाजी आहे का? रस्साभाजीत टोमॅटो किती आहे? एखादी बटाट्याची भाजी आणि कोशिंबीर सोडली, तर अस्सल राजस्थानी वाट्यांमध्ये शेतातून आज तोडून आणलेलं जवळजवळ काहीच सापडणार नाही.

याचं उत्तर अरवलीत आहे. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे राजस्थानवरून जातात, पण अरवलीच्या रांगा त्यांच्या वाटेला समांतर पसरलेल्या आहेत. आपला सह्याद्री वाऱ्याला आडवा उभा राहतो, म्हणून कोकणात पाऊस कोसळतो. अरवली वाऱ्याला अडवतच नाही. बंगालच्या उपसागराकडून येणारे वारे इथवर पोचेपर्यंत त्यांच्यातलं बाष्प संपत आलेलं असतं. म्हणून जैसलमेरकडे वर्षाला २०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरहून जास्त पडतो, हे लक्षात घेतलं की फरक कळेल. जिथे प्यायचं पाणी अंगणातल्या टांक्यात साठवून वर्षभर पुरवायचं, तिथे भाजीचा मळा कोण लावणार?

मग जेवायचं काय? जे वाळवता येतं ते, आणि जे गुरं देतात ते. राजस्थानी स्वयंपाकाचं निम्मं गणित या एका वाक्यात आलं.

गट्ट्याची भाजी घ्या. बेसन घट्ट मळून त्याच्या वळकट्या करतात, त्या उकडतात, कापतात आणि दह्याच्या रश्श्यात सोडतात. आपल्या पाटवडीच्या रश्श्याची ही लांबची बहीणच. शेजारच्या वाटीत मंगोडी असते, म्हणजे मुगाचे सांडगे. पापडाची भाजी तर ऐकूनच हसू येतं, पण घरात भाजी नाही आणि पाहुणे आलेत, अशा वेळी डब्यातला पापड कामाला येतो हे कुठल्याही आजीला पटेल. आंबटपणा टोमॅटोऐवजी आमचूर, काचरी किंवा दही देतं. पाण्याच्या जागी बऱ्याचदा ताक आलंय, हेही बघा. कढी ताकाची, गट्ट्यांचा रस्सा दह्याचा, आणि राबडी म्हणजे बाजरीचं पीठ ताकात कालवून, आंबवून शिजवलेली पेज. (आपली गोड, दाट दुधाची रबडी वेगळी. नावावरून फसू नका!) पिकं कमी म्हणून लोकांनी गाई, शेळ्या, उंट पाळले. राठी आणि थारपारकर या गाईंच्या जाती याच प्रदेशातल्या. त्यामुळे पाणी महाग आणि दूध-तूप घरचं, असा उलटा हिशेब इथे दिसतो.

दाल-बाटी-चूरम्याबद्दल थोडं जास्त बोलूया, कारण ती खाण्याचीही रीत आहे. कणकेत तूप घालून, अगदी कमी पाण्यात घट्ट मळून तिचे गोळे करतात आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. ना तवा लागतो, ना फार पाणी. बाहेरचं कवच कडक असल्यामुळे ती टिकतेही. म्हणून प्रवासात आणि मोहिमेवर ती सोयीची होती, असं सांगतात. बाटी पोळीसारखी तोडून दाळीत बुडवायची नाही. ती हातानं फोडायची, कुस्करायची, वर तूप आणि मग पाच डाळींची पंचमेल दाळ ओतायची. वाढप्याला सांगितलंत तर तोही कुस्करून देतो. कुस्करलेल्या बाटीत गूळ किंवा साखर आणि तूप घातलं की झाला चूरमा. खानदेशातल्या मुलांना यात नवल वाटणार नाही, त्यांच्याकडे वरण-बट्टी आहे. विदर्भातल्या मुलांना गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आठवतील.

आता ताटातली माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची वाटी. ती दिसायला सगळ्यांत साधी असते : काळपट हिरवी, काड्यांसारखं काहीतरी आणि त्यात बारीक गोल फळं. केर-सांगरी. पुष्कळ जण चव घेऊन बाजूला सारतात. तसं करू नका.

केर हे जवळजवळ बिनपानांच्या काटेरी झुडपाचं फळ. कच्चं खाल्लं तर कडू, म्हणून ते मिठाच्या पाण्यात किंवा ताकात काही दिवस भिजत ठेवतात. सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाच्या कोवळ्या शेंगा. आणि खेजडी म्हणजे आपली शमी! दसऱ्याला जिची पूजा होते, अज्ञातवासात जाताना पांडवांनी जिच्यावर शस्त्रं लपवली, तीच शमी. आपण तिला वर्षातून एकदा आठवतो, मारवाडात ती बारा महिने पोसते. मुळं खूप खोल जातात, त्यामुळे भर उन्हाळ्यात, सगळं करपलेलं असताना, ती हिरवी असते. पाला (तिथे त्याला 'लूंग' म्हणतात) गुरांना जातो. ती जमिनीत नत्र वाढवते, म्हणून शेतकरी शेतातली खेजडी तोडत नाहीत, तिच्याखाली बाजरी पेरतात. १८६८-६९च्या दुष्काळात लोकांनी खेजडीची साल दळून तिच्या भाकऱ्या खाल्ल्याची नोंद आहे. पुढे १८९९-१९०० साली मोठा दुष्काळ पडला. ते विक्रम संवताचं १९५६ वं वर्ष होतं, म्हणून तिथले लोक आजही त्याला 'छप्पनिया' म्हणतात.

या झाडासाठी माणसांनी जीव दिलाय. बिश्नोई पंथाची स्थापना गुरू जांभेश्वरांनी १४८५ साली केली. त्यांच्या २९ नियमांत हिरवं झाड तोडू नये हाही एक नियम आहे. १७३० साली जोधपूरचे महाराजा अभयसिंह यांच्या बांधकामासाठी चुना भाजायला लाकूड हवं होतं, म्हणून माणसं जोधपूरजवळच्या खेजडली गावात पोचली. अमृतादेवी बिश्नोई झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या. त्या मारल्या गेल्या, त्यांच्या मुली मारल्या गेल्या, आणि एकापाठोपाठ एक ३६३ माणसं. ही गोष्ट तुम्ही चिपको आंदोलनाच्या धड्यात कदाचित एका ओळीत वाचली असेल. त्या झाडाच्या शेंगा तुमच्या वाटीत आहेत.

१९८३ साली खेजडी राजस्थानचा राज्यवृक्ष झाली. पण प्रश्न संपलेला नाही. पश्चिम राजस्थानात ऊन भरपूर आणि मोकळी जमीनही भरपूर, म्हणून तिथे मोठमोठे सौरऊर्जा प्रकल्प उभे राहत आहेत. अलीकडे बिकानेर, फलोदी भागांत अशा प्रकल्पांसाठी खेजडी तोडली जाते म्हणून लोकांनी आंदोलनं केली. कोळसा न जाळता वीज मिळावी हे आपण पर्यावरणाच्या तासाला शिकतो, आणि झाड तोडू नये हेही त्याच तासाला. इथे दोन्ही समोरासमोर उभे आहेत. वर्गात यावर वाद घाला, पण आधी दोन्ही बाजू लिहून काढा.

पाण्याचंही चित्र बदललंय. १९५८ साली काम सुरू झालेल्या इंदिरा गांधी कालव्यानं सतलज-बियासचं पाणी वाळवंटात आणलं आणि बाजरीच्या मुलखात गहू पिकू लागला. दुसरीकडे वाळलेली सांगरी, जी गरिबाची भाजी होती, ती शहरात आता सुक्या मेव्याच्या भावानं विकली जाते.

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका. हॉटेलातली थाळी म्हणजे राजस्थानातलं रोजचं जेवण नव्हे. खेड्यातल्या घरात बाजरीची रोटी, राबडी, कांदा आणि लसणाची लाल चटणी एवढ्यावर जेवण होतं. घेवर तीजेच्या सणाचा, लापशी शुभकार्याची, मक्याची रोटी मेवाडकडची, बाजरी मारवाडची. हॉटेलवाल्यानं सगळे सण आणि सगळे प्रदेश एका ताटात गोळा केलेले असतात. शिवाय ही थाळी बहुधा शाकाहारी असते, तिच्यामागे मारवाडी व्यापारी आणि जैन-वैष्णव घरांचा स्वयंपाक आहे. मथानियाच्या मिरचीचं लाल मांसही राजस्थानचंच, पण ते इथे दिसणार नाही.

राहता राहिला आग्रह. तिकडे त्याला 'मनुहार' म्हणतात. पाहुण्यानं नको म्हणावं आणि यजमानानं आणखी एक वाढावं, ही रीत आपल्या पंगतीतल्या जिलबीसारखीच. फरक एवढाच की हॉटेलात पैसे एकदाच द्यायचे आणि पाहिजे तितकं घ्यायचं, त्यामुळे ताटात टाकलेलं कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. म्हणून युक्ती सांगतो : सुरुवातीलाच 'सगळं थोडं-थोडं' म्हणा, बाटी अर्धीच मागा, आणि वाढपी आला की वाटीवर आडवा हात धरा. ती खूण सगळ्यांना कळते.

घरी करून बघा : आजीला किंवा शेजारच्या काकूंना विचारा, की त्यांच्या लहानपणी वैशाखात भाजी नसायची तेव्हा काय शिजायचं. सांडगे, वाळवलेली गवार, कुरडया, हुलग्याचं माडगं, जे जे सांगतील ते वहीत लिहा. प्रत्येकासमोर दोन गोष्टी नोंदवा : ते कोणत्या महिन्यात वाळवलं जायचं आणि शिजवायला पाणी किती लागायचं. तुमच्या तालुक्याचं सरासरी पर्जन्यमान शोधून तेही पानाच्या वर लिहा. सोमवारी वह्या घेऊन या, आपण कोकणातल्या आणि माणदेशातल्या याद्या शेजारी-शेजारी ठेवून बघू.