ईमेल आपला, नंबर केंद्रवाल्याचा

गेल्या दिवाळीत म्हसवडला आत्याच्या शिलाईच्या दुकानात बसलो होतो. तिला एका योजनेच्या अर्जाचं काय झालं ते बघायचं होतं, पण ईमेल उघडेना. नवा पासवर्ड मागितला, तर ओटीपी गेला भलत्याच मोबाईलवर. स्क्रीनवर दिसणारे शेवटचे दोन आकडे आमच्या घरात कुणाच्याच नंबरचे नव्हते. "आरं, त्यानंच काढून दिलाय की ईमेल, मला कुठं येतंय ते," आत्या म्हणाली. तो म्हणजे तीन वर्षांपूर्वी अर्ज भरून देणारा केंद्रावरचा पोरगा. रांग मोठी, आत्याचा मोबाईल घरी राहिलेला. त्यानं आपलाच नंबर टाकून काम उरकलं. त्याच्या मनात वाईट काही नसावं. पण तेव्हापासून आत्याच्या ईमेलची किल्ली त्याच्या खिशात होती.

खरं तर हा धोका म्हसवडच्या बायकांनी फार आधी ओळखलाय. इथल्या माणदेशी महिला सहकारी बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा यांनी 2018 च्या टेड भाषणात सांगितलं होतं, की बँकेच्या व्यवहारांसाठी पिन द्यायचा विषय निघाला तेव्हा सभासद बायकांनीच नकार दिला. पिन कुणीही चोरून पैसे काढून नेईल, त्यापेक्षा अंगठा जोडा, असं त्यांचं म्हणणं. ईमेलला मात्र हा हिशेब कुणी लावत नाही.

तर ही किल्ली परत घ्यायला खर्च किती? दुरुस्तीचा बहुतेक भाग शून्य रुपयांचा आहे, जातो तो तासभर वेळ. आधी जीमेलच्या खात्यात जाऊन रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल बघा. परका नंबर असेल तर काढून आपला टाका. आम्हाला त्यासाठी त्या पोराकडेच जाऊन ओटीपी मागावा लागला. त्यानं चहा पाजून दिला. मग खातं कुठकुठल्या फोनवर आणि कॉम्प्युटरवर उघडं आहे ती यादी बघा, अनोळखी यंत्रं बाहेर काढा, पासवर्ड बदला. कॉम्प्युटरवरून जीमेल उघडून फॉरवर्डिंगही तपासा. तुमची मेल गुपचूप दुसऱ्या पत्त्यावर जात असेल तर ती तिथंच सापडते. शेवटी टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. गूगल आठ-आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं. फोन हरवला तर तेच तारतात. प्रिंटचे दोन-पाच रुपये जातील, वहीत उतरवून घेतले तर तेही नाहीत.

एक खर्च मात्र टाळू नका: ईमेलला जोडलेल्या सिमचं रिचार्ज. प्रीपेड नंबर 90 दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढं दुसऱ्याला देऊ शकते. मग बँकेचे ओटीपीही त्या दुसऱ्याला. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानं खात्यात 20 रुपये शिल्लक असतील तर ते कापून नंबर आणखी 30 दिवस राखला जातो. गावाकडं पडून असलेल्या जुन्या सिमला ईमेल जोडलेला असेल, तर हे 20 रुपये सगळ्यात सत्कारणी लागलेले समजा.

आता मेलमधली चित्रं. जाहिरातीच्या मेलमध्ये बहुधा ठिपक्याएवढं, डोळ्याला न दिसणारं चित्र असतं. ते उघडलं की पाठवणाऱ्याला कळतं: पत्ता जिवंत आहे, मेल अमुक वाजता वाचला. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये इमेजेसखाली 'बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा' अशा अर्थाचा पर्याय आहे, तो निवडा. मेलसाठी थंडरबर्ड हा प्रोग्रॅम वापरत असाल तर तिथं ही चित्रं मुळातच अडवलेली असतात.

ब्राउझरमध्ये पहिली साफसफाई नोटिफिकेशनची. निकाल नाहीतर बाजारभाव बघायला गेल्यावर कुठल्या तरी साइटनं 'अलाऊ' विचारलेलं असतं, आपण दाबलेलं असतं, आणि मग दिवसभर 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस' म्हणून घंटी वाजते. आत्याच्या फोनवर अशा एकोणीस साइट निघाल्या. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये जाऊन सगळ्या उडवल्या. तिथंच थर्ड-पार्टी कुकीज बंद करता येतात. एका दुकानात बघितलेली साडी पुढं दहा साइटवर पाठलाग करते, ती या कुकीजच्या जिवावर.

याहून पुढं जायचं तर फायरफॉक्स घ्या आणि त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाका. दोन्ही फुकट, आणि अँड्रॉइड फोनवरही चालतात. कस्टमर केअरचा नंबर शोधताना वर येणारी खोटी जाहिरात यानं बऱ्यापैकी अडते. मला हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो. एखादं सरकारी पोर्टल रुसलं, तर तेवढ्या साइटपुरता अडसर काढायचा. बँकेची साइट उघडताना पत्त्याचा शेवट बघा. रिझर्व्ह बँकेनं 2025 मध्ये बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर यायला सांगितलं आहे.

व्हीपीएन विकत घेऊ नका, असं मी सांगेन. त्यानं मुख्यतः तुमचा इंटरनेटचा पत्ता झाकला जातो. तुम्ही गूगलमध्ये लॉगिन असाल तर गूगलला तुम्ही कोण ते दिसतंच. फुकटचा व्हीपीएन तर त्याहून नको. गूगलची 130 रुपये महिन्याची जादा जागाही लगेच घेऊ नका. फुकटच्या 15 जीबीत जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही मावतात. आधी लग्नाचे व्हिडिओ काढून टाका.

केंद्रावर बसायची वेळ येतेच. तिथं इन्कॉग्निटो खिडकी उघडा, काम झालं की बंद करा. पण उतरवलेली फाइल त्यानं पुसली जात नाही. डाउनलोडमध्ये डझनभर लोकांची आधार कार्डं पडलेली मी पाहिलीत. त्यांना कुलूप असतं, पण किल्ली म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं वर्ष. गावात हे कुणाला माहीत नसतं? फाइल पुसा, रिसायकल बिनही रिकामा करा. नंबर झाकलेलं मास्क्ड आधार फुकट मिळतं, जमेल तिथं तेच द्या. आणि पैसे गेलेच तर आधी सायबर हेल्पलाइनचा 1930 फिरवा, नातेवाइकांना नंतर.

बॅकअप कोडांचा कागद आत्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला निघाली होती. तिथं नको म्हटलं, गिऱ्हाइकं तिथूनच स्वतःच्या हातानं बटणं शोधून घेतात. शेवटी तो पासबुकाच्या पिशवीत गेला, आणि पिशवी तांदळाच्या डब्यात.