काकू, टेन्शन घेऊ नका

आमच्या सांगलीत नाटकाचं कौतुक नव्यानं सांगायला नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथंच केलं. त्यामुळे बारावीनंतर लेकीनं नाटक शिकायचं म्हटलं तेव्हा आमच्या घरात कुणी कपाळाला हात लावला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यावर नातेवाइकांचा एकच सूर, “पोरीला नाटकाच्या नादी लावलीत, आता भोगा.” नाटकानं आमचं काही वाकडं केलेलं नाही. केलं ते मुंबईच्या उपनगरातल्या एका खासगी संस्थेनं.

माझा जन्म पतसंस्थेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेला. प्रश्न विचारायची सवय आहे, आणि मी ते विचारले होते. कागदावर काय लिहून मिळणार? विद्यापीठ कुठलं? प्रवेशाच्या टेबलावरची मुलगी गोड हसून म्हणाली, “काकू, टेन्शन घेऊ नका, डिग्रीच आहे.” फी वर्षाला सव्वातीन लाख, हॉस्टेल वेगळं. आमच्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या मॅनेजरनं शैक्षणिक कर्जासाठी संस्थेच्या मान्यतेचं पत्र मागितलं. संस्थेनं ‘प्रक्रियेत आहे’ असं शिक्का मारून लिहून दिलं आणि शेजारच्याच खुर्चीवर बसलेल्या फायनान्स कंपनीच्या मुलाकडे बोट दाखवलं. हप्ता पुढच्याच महिन्यापासून. सीट उद्या जाईल, पोरीचं वर्ष वाया जाईल, हे पालुपद चालूच होतं. तिन्ही वर्षांची फी एकदम भरली तर दहा टक्के सूट, असंही गाजर दाखवलं. ह्यांना ते पटलं होतं, पण मी ठाम नकार दिला, म्हणून थोडं तरी वाचलं.

पैसे जमा झाल्यावर मी काकूची ‘मॅडम’ झाले. फोन केला की “मॅडम, मेल टाका.” मेलला उत्तर नाही. दुसऱ्या वर्षी कळलं की डिप्लोमा यांचा आणि बी.ए. मुक्त विद्यापीठातून बाहेरून, त्याचा फॉर्म आपणच भरायचा. अहो, ती बी.ए. तर आमच्या गल्लीतली भाजीवाली ताईसुद्धा घरबसल्या करते, तीही काही हजारांत! तिसऱ्या वर्षी ‘प्रॉडक्शन चार्जेस’ म्हणून ६० हजार आणि ‘शोरील’चे ४५ हजार वेगळे.

शेवटच्या वर्षाच्या प्रयोगाला आम्ही दोघं गेलो. संस्थेच्याच हॉलमध्ये प्रयोग. डिमर नव्हताच. ब्लॅकआउट करायचा म्हणजे एका मुलानं भिंतीवरचं ट्यूबलाइटचं बटण खट्‌कन बंद करायचं, आणि ती पुन्हा लावली की आधी दोनदा फडफडायची. माझी पोर तेवढ्यातही छान करत होती, हे आई म्हणून नाही, प्रेक्षक म्हणून सांगते.

मध्यंतरात चहा घेत बाहेरच्या भिंतीवरचे फोटो बघत होते. ‘आमचे अभिमान’ अशी पाटी, आणि तिसऱ्या रांगेत आमच्या मिरजेच्या वन्संच्या शेजारचा मुलगा! हल्ली मालिकेत दिसतो. खाली ‘माजी विद्यार्थी’. हा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला होता, कॉलेजच्या टीममधून पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत नाटक करायचा, हे मला पक्कं ठाऊक. तिथंच उभी राहून त्याला फोन लावला. तो म्हणाला, “काकी, मी तिथं दोन दिवसांचं वर्कशॉप घ्यायला गेलो होतो. त्याचे पैसे अजून यायचेत.”

हातातला चहा गार झाला. त्या भिंतीवरच्या बाकीच्या चेहऱ्यांकडे बघवेना. मग संचालकांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, कला शिकवून येत नसते, ती आतून यावी लागते.” मी विचारलं, “मग फी बाहेरून कशाची घेतली?” त्यांना एकदम कुणाचा तरी फोन आला.

आता ज्यांची मुलं या वाटेवर आहेत त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट, सरकारी विद्यापीठांत काय आहे ते आधी बघा. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, तिथं नाटकात बी.ए. आणि एम.ए. दोन्ही होतं. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ पासून कलिन्याला आहे, पण तिथं पदवीनंतर जायचं. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातही नाट्यशास्त्र विभाग आहे. फी खासगीच्या मानानं फारच कमी, जागा मोजक्या, प्रवेशाला परीक्षा नाहीतर ऑडिशन. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, म्हणजे एनएसडी, तर उलट विद्यार्थ्याला दरमहा शिष्यवृत्ती देते. मात्र तिथं आधी पदवी आणि नाटकांचा अनुभव लागतो, आणि तीन वर्षांनी मिळतो तो डिप्लोमा. म्हणजे डिप्लोमा या शब्दाला घाबरायचं कारण नाही. तो कोण देतंय ते बघायचं.

खासगी संस्थेतच जायचं असेल तर फोटो बघू नका. मागच्या तीन तुकड्यांची पूर्ण यादी मागा, सोडून गेलेल्यांसकट. त्यातली पाच नावं आपण निवडून फोन करा, त्यांनी दिलेली पाच नकोत. रोज शिकवायला कोण येतं ते विचारा. माहितीपत्रकावरचा नट वर्षातून एकदा सत्कारालाच येत असतो. एका विद्यार्थ्याला तीन वर्षांत किती नाटकं आणि त्यात किती कामं मिळतात, नेपथ्य-प्रकाशयोजना हातानं करायला मिळते का, हेही विचारा. आणि भाषा! लेकीचं तिथलं सगळं शिक्षण हिंदी-इंग्रजीत झालं, कामं मिळाली ती मराठीत.

राष्ट्रीयीकृत बँक मान्यतेचं पत्र मागते आणि संस्था तुम्हाला फायनान्स कंपनीकडे ढकलते, तेव्हा पिशवी उचला आणि घरी या. बँकेच्या शैक्षणिक कर्जात साधारणपणे अभ्यासक्रम संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो. तोवर व्याज चढत असतंच, पण श्वास घ्यायला जागा मिळते. शिष्यवृत्ती लागू असेल तर सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर त्या कॉलेजच्या नावासमोर तोच अभ्यासक्रम दिसतोय ना, तेही तपासा.

“श्रीराम लागूंनी कुठं नाटकाची डिग्री घेतली होती?” असं ऐकवणारे भरपूर भेटतील. नव्हती घेतली. ते कान-नाक-घशाचे डॉक्टर होते, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, सतीश आळेकर मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवत. पोटापाण्याची सोय करून त्यांनी नाटक केलं. उलट रोहिणी हट्टंगडी एनएसडीच्या. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. नुसती नावं फेकणाऱ्यांना आपल्या पोरांचं घरभाडं भरायचं नसतं.

भाड्यावरून आठवलं. नाटकात पैसे नाईटवर, म्हणजे प्रयोगागणिक मिळतात. प्रयोग नाही तर नाईट नाही. मालिकेचं मानधन बहुतेक ठिकाणी नव्वद दिवसांनी येतं. त्यामुळे कोर्स संपल्यावर मुंबईत निदान सहा महिने तग धरायचे पैसे फीच्या हिशेबातच धरा. आमची लेक सध्या डबिंग करते, सुट्टीत बालनाट्य शिबिरं घेते, आणि एका प्रायोगिक नाटकात तिला चांगलं काम मिळालंय. ते तिनं स्वतः ऑडिशन देऊन मिळवलं. संस्थेचा त्यात काडीचा वाटा नाही.

मुलांवर विश्वास ठेवा वगैरे सगळे सांगतातच, मीही सांगते. पण बोलणं झालं की त्याच दिवशी मेलवर लिहून घ्या, “आज तुम्ही असं म्हणालात” म्हणून.

त्या लिहून घेण्याचा आम्हाला उपयोग झाला. कोर्स संपल्यावर ‘थकबाकी’ सांगून त्यांनी लेकीचा बारावीचा मूळ दाखला अडवला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८ च्या नियमांत विद्यापीठांना आणि कॉलेजांना मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला मनाई आहे. प्रवेश रद्द केला तर फी किती परत मिळायची, तेही त्यात दिलंय. मी तो नियम जोडून पत्र पाठवलं, पोच घेतली. उत्तर आलं, लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी : आमची संस्था यूजीसीच्या कक्षेत येत नाही.

मग मी ‘डिग्रीच आहे’ म्हणणारा त्यांचा प्रवेशाच्या वेळचा जुना मेल आणि हे उत्तर, दोन्हींच्या प्रती वकिलांच्या नोटिशीला जोडल्या. दाखला चार दिवसांत कुरिअरनं घरी आला. फीचं भांडण अजून चालू आहे.